कुर्तुब्याच्या वाटेवरचे शिपाई

उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाला स्पेन हा देश ‘स्पेन’ म्हणून भेटत नाही. तो भेटतो ‘अंदलुस’ म्हणून. ७११ साली तारिक बिन जियाद समुद्र ओलांडून उतरतो, कुर्तुब्याची मशीद उभी राहते, गरनात्याचा अलहम्रा बांधला जातो आणि १४९२ साली शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह शहराच्या किल्ल्या शत्रूच्या हाती देऊन निघून जातो. तिथे धडा संपतो. शिक्षक एक उसासा टाकतो, मुले वही मिटतात.

या धड्याला आमच्याकडे एक पुरवणी असते. १९३३ साली अल्लामा इक्बाल कुर्तुब्याला गेले, चर्च झालेल्या त्या मशिदीत त्यांनी नमाज पढली आणि ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही नज्म लिहिली. १९३५ साली ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये ती छापून आली. आमच्या शिक्षकवर्गात ही नज्म तोंडपाठ असणारे कमी नाहीत. स्नेहसंमेलनात ती म्हटली जाते आणि माना डोलतात. गेलेल्या वैभवाचे दुःख करण्यातही एक सुख असते, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले.

पण इक्बाल येऊन गेल्यावर अवघ्या तीन वर्षांनी, १९३६ साली, हजारो मुसलमान पुन्हा एकदा तीच सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरले. त्यांच्या हातात बंदुका होत्या. वादी-अल-कबीर, म्हणजे आजच्या ग्वादलकिव्हीर नदीच्या काठाने ते चालत गेले, तोलेदोत शिरले, माद्रिदच्या वेशीपर्यंत पोहोचले. या घटनेचा आमच्या कोणत्याही धड्यात उल्लेख नाही. कोणी त्यावर नज्म म्हटलेली आम्ही ऐकलेली नाही.

नववीच्या वर्गात हिटलर आणि मुसोलिनी शिकवताना स्पेनच्या यादवी युद्धाचा विषय ओघात निघाला. फ्रँकोच्या बाजूने मोरोक्कोचे मुसलमान सैनिक लढले आणि शेवटी फ्रँको जिंकला, असे आम्ही सांगून टाकले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो कधी प्रश्न विचारत नसे. म्हणाला, “सर, वो मुसलमान थे ना? तो जीते तो अच्छाच हुआ ना?”

वर्ग हसला नाही. सगळे आमच्याकडे बघू लागले. हो म्हणावे तर फ्रँकोची हुकूमशाही, नाही म्हणावे तर मुलांच्या मनात नक्की काय जाईल याची खात्री नाही. तेवढ्यात घंटा वाजली आणि आमची सुटका झाली. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण कसे काढावे हे शिकवले होते, अशा प्रश्नाचे टाचण कसे काढावे हे शिकवले नव्हते. तेव्हापासून जमेल तसे वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

बापाचा शत्रू, मुलाचा मालक

गोष्ट सुरू होते ती मोरोक्कोच्या उत्तरेकडच्या रिफ नावाच्या डोंगराळ मुलखात. १९१२ साली फ्रान्स आणि स्पेन यांनी मोरोक्को आपसांत वाटून घेतला. नाव दिले ‘संरक्षित राज्य’. चांगला मोठा भाग फ्रान्सकडे गेला, उत्तरेची खडकाळ पट्टी स्पेनच्या वाट्याला आली. सुलतान नावाला होता. स्पेनच्या पट्टीत त्याचा खलिफा, म्हणजे प्रतिनिधी, तेतुआन शहरात बसत असे. कारभार स्पॅनिश लष्कराच्या हातात होता.

रिफचे लोक मात्र सहजासहजी वाकणारे नव्हते. त्यांचा नेता मुहम्मद बिन अब्दुल करीम खत्ताबी हा मुळात शिक्षक होता. मेलिया शहरात मुसलमान मुलांच्या शाळेत त्याने शिकवले, स्पॅनिश वृत्तपत्राचा अरबी मजकूर लिहिला, पुढे काझीचे काम केले. आमच्याच पेशातला हा माणूस. १९२१ च्या जुलैमध्ये अनवाल येथे त्याच्या टोळीवाल्यांनी स्पॅनिश फौजेचा असा पराभव केला की आठ हजारांहून अधिक सैनिक मेले. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी युरोपच्या फौजेला धूळ चारली, ही बातमी जगभर गेली.

त्याचा सूड भयंकर होता. स्पेनने रिफच्या गावांवर आणि बाजारांवर विमानातून मस्टर्ड वायूचे बाँब टाकले. शेवटी फ्रान्स आणि स्पेन एकत्र आले, १९२५ च्या सप्टेंबरात अलहुसेमासच्या किनाऱ्यावर स्पॅनिश फौज उतरली आणि मे १९२६ मध्ये अब्दुल करीमने फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली. त्याला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर हद्दपार केले. १९४७ साली तो निसटून इजिप्तला पोहोचला आणि १९६३ साली कैरोत वारला.

या लढाईत स्पेनने केवळ आपली पोरे मरू दिली नाहीत. १९११ पासून स्थानिक मुसलमानांच्या पलटणी उभारायला सुरुवात झाली होती. त्यांना ‘रेगुलारेस’ म्हणत. शिपाई मोरोक्कोचे, अधिकारी बहुतेक स्पॅनिश. फ्रान्सिस्को फ्रँको नावाचा एक तरुण अधिकारी याच पलटणीत वर चढला. मोरोक्कोच्या माणसाकडून मोरोक्कोच्या माणसाला मारायचे, हा धडा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी तिथे गिरवला. पुढे १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये अस्तुरियास प्रांतातल्या खाणकामगारांनी उठाव केला, तेव्हा याच शिपायांना प्रथमच समुद्रापलीकडे नेऊन स्पॅनिश कामगारांवर सोडण्यात आले. त्या वेळी स्पेनमध्ये प्रजासत्ताक होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. मुसलमान शिपाई भाड्याने वापरायची वाट प्रजासत्ताकाच्याच सरकारने दाखवून दिली होती.

साखर, तेल आणि पाव

१९३६ च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये डाव्या आणि उदारमतवादी पक्षांच्या आघाडीने निवडणूक जिंकली. जमीनदार, चर्च आणि सैन्याचा मोठा गट यांना ते मानवले नाही. १७ जुलैला मेलियात लष्कराने बंड केले, दुसऱ्या दिवशी ते स्पेनभर पसरले आणि १९ तारखेला फ्रँको विमानाने तेतुआनला येऊन आफ्रिकेतल्या फौजेचा सेनापती झाला.

फौज स्पेनची सर्वांत कसलेली होती, पण ती समुद्राच्या अलीकडे होती आणि लढाई पलीकडे. आरमारातल्या खलाशांनी बंडखोर अधिकाऱ्यांना पकडून जहाजे प्रजासत्ताकाच्या बाजूला ठेवली होती. तेव्हा हिटलरने युंकर्स जातीची वीस विमाने दिली, मुसोलिनीनेही विमाने पाठवली. तेतुआनहून सेव्हिलला शिपायांच्या खेपा सुरू झाल्या. एवढी मोठी फौज हवेतून नेण्याचा जगाच्या इतिहासातला तो पहिलाच प्रसंग. ऑक्टोबरपर्यंत जर्मन विमानांनी तेरा-चौदा हजार माणसे पलीकडे नेऊन टाकली. कालपर्यंत गाढवावर बसून बाजाराला जाणारा माणूस आज ढगांतून युद्धाला चालला होता.

ही माणसे का गेली? आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे.

रिफमध्ये ती वर्षे दुष्काळाची होती. पीक बुडाले होते. भरती होणाऱ्याला दोन महिन्यांचा पगार आगाऊ मिळत असे. त्याशिवाय साखर, तेलाचा डबा आणि घरात जितकी मुले त्या हिशेबाने पाव. गावाच्या कायदला, म्हणजे मुखियाला, माणसे आणून द्यायचे काम होते आणि त्याची खुर्ची स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होती. तेव्हा भुकेच्या जोडीला दडपणही आले. भरतीच्या रांगेत मिसरूड न फुटलेली पोरे उभी राहिली आणि उतारवयाची माणसेही. तीन वर्षांत साठ ते ऐंशी हजार मोरोक्कन शिपाई या युद्धात उतरले असे इतिहासकार सांगतात. एवढ्याशा पट्टीतून इतकी माणसे निघाली, म्हणजे ज्या घरातून कोणीच गेले नाही असे घर शोधावे लागले असेल.

हिशेब मांडून पाहा. रिफचे युद्ध १९२७ ला पुरते विझले. १९३६ ला जो पोरगा वीस वर्षांचा होता, त्याने लहानपणी आपल्या गावावर वायूचे बाँब पडताना पाहिले असणार. आता त्याच सेनापतींच्या हाताखाली तो पगार घेत होता. बापाचा शत्रू मुलाचा मालक झाला. यात विचित्र वाटावे असे काही नाही, भुकेला स्मरणशक्ती नसते.

आणखी एक गोष्ट घडली. बंडाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, प्रजासत्ताकाच्या विमानांनी तेतुआनवर बाँब टाकले. नेम होता लष्करी मुख्यालयावर, काही बाँब पडले मुसलमानांच्या जुन्या वस्तीत, मशिदीच्या आसपास. माणसे मेली. लोक खवळून रस्त्यावर आले. खलिफाच्या वजिराने त्यांना शांत केले, त्याबद्दल फ्रँकोने त्याला स्पेनचे सर्वांत मोठे शौर्यपदक दिले. लोकशाही म्हणजे काय हे ज्यांना कोणी कधी सांगितले नव्हते, त्यांना लोकशाहीचा पहिला परिचय असा झाला.

बादाखोस, तोलेदो, माद्रिद

सेव्हिलहून ही फौज उत्तरेकडे निघाली. रेगुलारेस आणि परदेशी लीजन यांच्या तुकड्या ट्रकमधून गावोगाव पुढे सरकत. समोर शेतमजुरांची कच्ची फळी, कोणाकडे शिकारीची बंदूक, कोणाकडे तीही नाही. १४ ऑगस्टला कर्नल यागुएच्या तुकड्यांनी बादाखोस शहराची तटबंदी फोडली. त्यानंतर शहरात आणि तिथल्या बैलझुंजीच्या मैदानात पकडलेल्या माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. बळींच्या आकड्यावर वाद आहे, अंदाज काही शेपासून चार हजारांपर्यंत जातात. २७ सप्टेंबरला तोलेदो पडले, तिथल्या इस्पितळातले जखमी ठार मारले गेले. लूट झाली, बायकांवर अत्याचार झाले.

हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. ही कृत्ये करणाऱ्यांत आमच्या दीनाची माणसे होती. ‘ते तर हुकमाचे ताबेदार’ असे म्हणून आम्हाला मोकळे होता येणार नाही. ज्या घरात ते शिरले त्या घरातल्या बाईने हुकूम कोणाचा हे विचारले नसेल.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तीही तितकीच खरी आहे. ही दहशत शिपायांच्या डोक्यातून निघालेली नव्हती, ती सेनापतींची ठरवलेली नीती होती. सेव्हिलचा जनरल केइपो दे यानो रोज रात्री रेडिओवरून बोलत असे आणि मूर शिपाई तुमच्या बायकांचे काय करतील याची धमकी उघडपणे देत असे. स्वतःच्याच देशातल्या बायकांना तो परक्या माणसाची भीती घालत होता. रिफच्या गावांत जे शिकवले तेच स्पॅनिश गावांत वापरले गेले. हत्यार तेच होते, फक्त रोख बदलला होता. आणि कत्तली केवळ मूरांनीच केल्या असेही नाही. स्पॅनिश लीजन, स्पॅनिश फालांज आणि दुसऱ्या बाजूचे स्पॅनिश जमावही रक्तात बुडाले होते. प्रजासत्ताकाच्या मुलखात हजारो पाद्री मारले गेले. तरी लोकांच्या आठवणीत राक्षस म्हणून राहिला तो मूर. त्याला तोंड होते, पण स्पॅनिश भाषा नव्हती.

नोव्हेंबर १९३६ मध्ये फौज माद्रिदला भिडली. शहराच्या पश्चिमेला कासा दे काम्पो नावाचे जुने राजेशाही उपवन आहे. तिथे झाडाझाडामागून लढाई झाली. १५ तारखेला रेगुलारेसच्या काही तुकड्या मान्सानारेस नदी ओलांडून विद्यापीठाच्या आवारात शिरल्या. मग वर्गावर्गांत, जिन्याजिन्यावर लढाई सुरू झाली. तत्त्वज्ञान आणि साहित्य विभागाच्या इमारतीत परदेशी स्वयंसेवकांनी ग्रंथालयातली जाडजूड पुस्तके खिडक्यांत रचून त्यांच्याआड मशीनगन लावल्या. शिक्षक म्हणून हे दृश्य आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. एका बाजूला पुस्तकांच्या भिंतीमागे लढणारे विद्यार्थी आणि कामगार, दुसऱ्या बाजूला ज्यांना कोणीच कधी पुस्तक हातात दिले नव्हते असे शेतकरी. कोणाच्या कमनशिबाचे दुःख आधी करावे?

माद्रिद तेव्हा पडले नाही. पुढे १९३७ मध्ये हारामा नदीच्या काठी आणि ब्रुनेतेला, १९३८ मध्ये एब्रोच्या काठी मोरोक्कन तुकड्या आघाडीवर राहिल्या. जिथे मरण जास्त तिथे त्यांना पुढे धाडण्याची पद्धत होती. २८ मार्च १९३९ रोजी माद्रिद फ्रँकोच्या हाती गेले, १ एप्रिलला युद्ध संपल्याची घोषणा झाली. सुमारे पाच लाख माणसे या युद्धात गेली असे मानले जाते.

मुसलमानांनी लढलेले क्रूसेड

या युद्धातली सर्वांत कडवट गंमत धर्माची आहे. ३० सप्टेंबर १९३६ रोजी सालामान्काच्या बिशपने पत्रक काढून या युद्धाला ‘क्रूसेड’ म्हटले. म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्ध. स्पेनचा जुना संरक्षक संत सांतियागो याला लोक ‘मातामोरोस’ म्हणत आले आहेत, त्याचा अर्थच मुळी ‘मूरांचा वध करणारा’. जुलै १९३७ मध्ये फ्रँकोने त्याला पुन्हा देशाचा संरक्षक संत म्हणून जाहीर केले. मूर मारणाऱ्या संताच्या नावाने चाललेल्या क्रूसेडमध्ये आघाडीवर होते मूर!

त्यांना मात्र वेगळे सांगण्यात आले होते. समोर आहेत ते देव न मानणारे, तुम्ही आणि आम्ही दोघेही अल्लाहला मानणारे, तेव्हा मिळून लढू. त्यासाठी फ्रँकोने सोयी केल्या. वेगळा मुदपाकखाना, हलाल मांस, पलटणीबरोबर इमाम, मुसलमान जखमींसाठी वेगळी इस्पितळे, मेलेल्यांसाठी वेगळी कबरस्ताने. १९३७ साली हाजींसाठी सरकारी खर्चाने जहाज सोडले. ज्या देशाने १४९२ नंतर शेवटच्या मुसलमानालाही राहू दिले नव्हते, तो आता हजचे तिकीट काढून देत होता. आमच्या मते हा प्रसंग प्रत्येक मुसलमान विद्यार्थ्याने शिकला पाहिजे. जो आपल्या रोज्या-नमाजाची अचानक फार काळजी घेऊ लागतो, त्याला आपल्याकडून काय हवे आहे, एवढे विचारायची सवय लागली पाहिजे.

मग प्रजासत्ताकाने काय केले? ते लोकशाहीसाठी लढत होते, शोषितांच्या बाजूचे होते. सप्टेंबर १९३६ मध्ये मोरोक्कोचे दोन राष्ट्रवादी नेते, उमर अब्दुल जलील आणि मुहम्मद हसन वज्जानी, बार्सिलोनाला आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोला स्वातंत्र्य जाहीर करा, आम्ही रिफमध्ये उठाव करतो, फ्रँकोची भरती पायाखालून निघून जाईल. कातालोनियाच्या मिलिशिया समितीने ते मान्यही केले. माद्रिदच्या सरकारने नाकारले. फ्रान्सला हे रुचणार नाही, आपल्या मोरोक्कोतही आग लागेल म्हणून पॅरिस बिथरेल, अशी भीती होती. पॅरिसमध्येही तेव्हा समाजवादी पंतप्रधान होते. वसाहतीचा प्रश्न आला की डावे आणि उजवे एकाच बाकावर बसतात, हे आम्हा हिंदुस्थानच्या लोकांना नव्याने सांगायला नको.

प्रजासत्ताकाची भित्तिचित्रे तर पाहवत नाहीत. काळा, दात विचकणारा, रानटी मूर. फॅसिझमविरुद्धच्या लढाईत वंशद्वेषाचा रंग इतक्या सहज वापरला गेला.

या सगळ्यात एक माणूस आम्हाला विसरता येत नाही. नजाती सिद्की, जेरुसलेमचा, अरबी लेखक आणि कम्युनिस्ट. ऑगस्ट १९३६ मध्ये तो स्पेनमध्ये आला. कर्णा घेऊन तो आघाडीवर उभा राहत असे आणि पलीकडच्या खंदकातल्या शिपायांना अरबीत हाक घालत असे, की भावांनो, हे तुमचे युद्ध नाही, इकडे या. हे घडले कोणत्या आघाडीवर? कुर्तुब्याच्या. तीन वर्षांपूर्वी जिथे इक्बालांनी सजदा केला, त्याच शहराच्या शिवारात एक फलस्तिनी माणूस मुसलमानांना मुसलमानांच्या भाषेत विनवत होता. फारसे कोणी आले नाही. आणि त्याच्या आपल्याच बाजूच्या लोकांना मूरांविषयी इतका तिरस्कार होता की त्यालाही काम करणे अवघड झाले. वर्ष संपता संपता तो स्पेन सोडून गेला. त्याच्या त्या हाकेवर आमच्याकडे कोणी नज्म लिहिली असती तर आम्ही ती आनंदाने मुलांना पाठ करायला दिली असती.

नागपूरचा जॉन स्मिथ

आता आपल्या मुलखाची गोष्ट. गोपाळ मुकुंद हुद्दार हे नागपूरचे मराठी तरुण. १९२९ साली ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह झाले. १९३१ च्या बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात तुरुंगात गेले. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून १९३७ च्या अखेरीस ‘जॉन स्मिथ’ असे नाव घेऊन प्रजासत्ताकाच्या बाजूने इंटरनॅशनल ब्रिगेडच्या ब्रिटिश बटालियनमध्ये दाखल झाले. १९३८ च्या वसंतात फ्रँकोच्या फौजांनी आरागॉनमध्ये मोठी मुसंडी मारली. त्या मोहिमेत यागुएचे ‘मोरोक्कन कोर’ही होते. गांदेसाच्या परिसरात हुद्दार पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात कैदी म्हणून राहिले. हा मठ स्पेनचा लोकनायक एल सिद याच्या नावाशी जोडलेला आहे. ‘सिद’ म्हणजे आपला अरबी ‘सय्यद’. त्याच वर्षाच्या अखेरीस सुटून ते लंडनला परतले, तिथे त्यांचा सत्कार झाला आणि पुढे हिंदुस्थानात येऊन ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

हुद्दारांची वाट आम्हाला दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. एक, माणूस जिथे सुरू होतो तिथेच त्याला संपावे लागत नाही. दुसरे कारण त्या मुलाच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. एकाच रणभूमीवर दोन परदेशी होते. एक नागपूरचा शिकलेला हिंदू, जो स्वतः निवडून आला होता आणि ज्याला ठाऊक होते की तो कशासाठी लढतो आहे. दुसरा रिफचा मुसलमान शेतकरी, जो साखर-तेलासाठी आला होता आणि ज्याला कोणी काही विचारलेच नव्हते. दोघांना वेगळे करणारी गोष्ट धर्म नव्हती. ती होती शाळा, वर्तमानपत्र आणि घरात दोन वेळची भाकरी.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपले घरही पाहावे. इंग्रजांच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत. पहिल्या महायुद्धात या पलटणी मेसोपोटेमियात तुर्कांविरुद्ध लढल्या. म्हणजे ज्या खलिफाच्या नावाने जुम्म्याचा खुतबा पढला जाई, त्याच्याच फौजेवर आमच्या गावांतून गेलेल्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. आमच्या खानदानातही असे एक बुजुर्ग होऊन गेले. मनीऑर्डर येत असे, त्यावर घर चाले. परत आल्यावर ते लढाईविषयी कधी बोलले नाहीत म्हणतात. फक्त खजूर खाताना गप्प होत. रिफच्या शिपायाला आम्ही परका कसा म्हणावे?

हिशेब कोणी चुकवला

फ्रँकोने काही वर्षे मूरांचे घोडदळ अंगरक्षक म्हणून मिरवले. पांढरे झगे, भाले, शोभेचे काम. १९५६ साली मोरोक्को स्वतंत्र झाला आणि ते संपले. मुहम्मद बिन मिज्जियान हा एक रिफी अधिकारी स्पेनच्या सैन्यात जनरल झाला, पुढे मोरोक्कोच्या सैन्यात मार्शलपदापर्यंत पोहोचला. हजारोंत असा एखादाच. बाकीचे आपल्या डोंगरांत परतले, कोणी लंगडत, कोणी आंधळे होऊन. म्हाताऱ्या शिपायांना स्पेनकडून मिळणारे निवृत्तिवेतन इतके नाममात्र होते की ते आणायला शहरात जाण्याच्या खर्चाचाही विचार करावा लागे. स्पेन त्यांना विसरले, कारण ते लाजिरवाणे होते. मोरोक्को विसरले, कारण ते परक्या सत्तेचे शिपाई होते. डावे विसरले, कारण ते शत्रू होते. आणि आम्ही मुसलमान विसरलो, कारण आमच्या अंदलुसच्या सुंदर गोष्टीत ते कुठे बसत नव्हते. स्पेनमधल्या त्यांच्या काही कबरस्तानांत गवत माजले.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. तू आता शाळा सोडून गेला आहेस, कुठल्या तरी कामाला लागला असशील, तरी ऐक.

ते मुसलमान होते, हे खरे. पण ते जिंकले नाहीत. जिंकला फ्रँको. १९७५ साली मरेपर्यंत त्याने स्पेनवर राज्य केले आणि मोरोक्को स्वतंत्र होईपर्यंत त्यांच्या रिफवरही. त्यांनी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर गोळ्या झाडल्या आणि त्या बदल्यात स्वतःचे स्वातंत्र्यही त्यांना मिळाले नाही. ज्यांच्या घरांत ते शिरले त्यांच्यासाठी दुःख कर. त्यांच्यासाठीही दुःख कर. ही दोन दुःखे एकमेकांच्या आड येत नाहीत. आणि उद्या कोणी तुझ्या नावावरून, तुझ्या दीनावरून तुला आपलासा करून हातात काठी देऊ लागला, तर आधी दोन गोष्टी विचार. ही काठी कोणावर चालवायची आहे? आणि माझ्या घरचा पाव कोणाच्या हातात आहे?

यंदा नववीला अंदलुस शिकवताना आम्ही १४९२ ला थांबलो नाही. फळ्यावर आणखी एक सन लिहिला, १९३६. मुलांनी वह्या मिटल्या नाहीत.